लक्ष्मीविलासच्या बागेमागचा इतिहास

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याबद्दल बोलताना लोक घुमट, दरबार हॉल आणि रविवर्म्याच्या चित्रांवर थांबतात. भोवतालच्या शेकडो एकरांचा उल्लेख झालाच तर फक्त आकडा म्हणून होतो. पण ही बाग आपोआप उगवलेली नाही. तिची आखणी झाली, तीही राजवाड्याइतक्याच गांभीर्याने.

राजवाड्याचं काम सुरू झालं तेव्हा सयाजीराव अजून अल्पवयीन होते आणि कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. मेजर चार्ल्स मॅन्ट यांचा आराखडा त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी पुढे नेला आणि १८९० मध्ये इमारत पुरी झाली. बागेसाठी मात्र वेगळा माणूस आला: विल्यम गोल्डरिंग, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले. मुघल चारबागेची चौकोनी शिस्त इथे दिसत नाही. मोठी हिरवळ, मधेच झाडांचे समूह आणि त्यांच्या फटींतून दूरवरून दिसणारा राजवाडा. इंग्लंडच्या पावसात हे सोपं. बडोद्याच्या चैत्र-वैशाखात हिरवळ जगवायची म्हणजे पाण्याची कायमची सोय हवी, आणि ती राखणाऱ्या माळ्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

पाणी या जमिनीला नवं नव्हतं. आवारातली नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, १४०५ ची, म्हणजे गायकवाड बडोद्यात येण्याच्या तीन शतकं आधीची. राजवाडा पाहायला येणाऱ्यांनी आधी ती पाहावी, असं मी आवर्जून सांगेन. जमीन किती जुनी आहे ते तिथे कळतं.

संस्थानात बागांची हौस महालापुरती नव्हती. विश्वामित्रीकाठची कमाटीबाग १८७९ मध्येच, राजवाडा पुरा होण्याआधी, रयतेसाठी तयार झाली होती. १८९३ मध्ये क्यूमधूनच जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुम्बीगल बडोद्याच्या नोकरीत आले. पुढे बंगळूरच्या लालबागेशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, पण हिंदुस्थानातली त्यांची पहिली नोकरी आपल्या बडोद्याची.

विसाव्या शतकात राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान आलं, मोतीबागेत क्रिकेट रुजलं. गोल्डरिंगच्या मोकळ्या जागांना हे खेळ मानवले. फुलांच्या वाफ्यांनी भरलेल्या बागेत ते जमलं नसतं.