दुर्लक्षित पुरावा आणि फौजदारी अपिलाची मर्यादा

खटला चालू असताना हाताशी असूनही न्यायालयापुढे न आलेला, किंवा पुढे येऊनही ज्याचे मोल कोणी जाणले नाही, असा पुरावा म्हणजे दुर्लक्षित पुरावा. तो शिक्षेनंतर सापडला की वरचे न्यायालय चूक दुरुस्त करील, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ही वाट फार अरुंद आहे. अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे. भारतात पहिल्या अपिलात पुरावा नव्याने तोलता येतो. पण तोलायचा तो सहसा रेकॉर्डवर असलेलाच.

इंग्लंडमध्ये एकेकाळी फौजदारी अपील न्यायालयच नव्हते. अडॉल्फ बेक याला १८९६ साली स्त्रियांच्या फसवणुकीबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. १८७७ मध्ये शिक्षा झालेला जॉन स्मिथ तो हाच, असे पोलीस धरून चालले. त्या काळात आपण दक्षिण अमेरिकेत होतो, हे दाखवायची संधी न्यायाधीशांनी बेकला दिली नाही. १८९८ मध्ये तुरुंगाच्या जुन्या नोंदीत दिसले की स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. इतका ढळढळीत फरक कळूनही शिक्षा तशीच राहिली. १९०४ मध्ये बेक तसल्याच आरोपावरून पुन्हा दोषी ठरला आणि खरा स्मिथ पकडला गेला तेव्हाच सुटला. या प्रकरणाने उठलेल्या ओरडीतून १९०७ चा अपील कायदा आला.

पुढे कायद्यांनी नव्या पुराव्याला दार उघडले, पण अटींसह. इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यानुसार पुरावा विश्वासार्ह आहे का आणि तो आधी का दिला नाही याचे पटण्याजोगे कारण आहे का, हे न्यायालय पाहते. भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९१ ने, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ ने, अतिरिक्त पुरावा घेण्याची मुभा दिली. मात्र न्यायालयाला तो आवश्यक वाटला पाहिजे आणि त्याची कारणे नोंदवली पाहिजेत. ‘आधी का दिला नाही’ हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण वकिलाच्या ढिलाईची किंमत कोठडीतल्या माणसाने मोजावी, हे न्याय्य म्हणता येत नाही.

त्यातही कागद विरुद्ध पक्षाच्या हाती असेल तर आरोपीने तो शोधायचा कुठे? सॅली क्लार्क या इंग्लिश महिलेला १९९९ मध्ये आपल्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. २००० मध्ये अपील फेटाळले गेले. धाकट्या बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूतील द्रवात जंतू सापडल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल खटल्याआधीच तयार होता, पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने तो बचाव पक्षाला कळवलाच नव्हता. तो नंतर हाती लागला आणि २००३ मध्ये, दुसऱ्या अपिलात, शिक्षा रद्द झाली.

वाट अरुंद ठेवण्यामागे निकालाला कधीतरी पूर्णविराम हवा, हा विचार असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हेरेरा खटल्यात, निर्दोषत्वाचा नवा पुरावा एवढ्यानेच संघीय न्यायालयाला हस्तक्षेप करता येत नाही, असे ठरवले. इंग्लंडमध्ये १९९७ पासून स्वतंत्र आयोग अशी प्रकरणे तपासतो. क्लार्क यांचे दुसरे अपील त्याच्याच शिफारशीने झाले. पण शिफारस करण्याआधी शिक्षा रद्द होण्याची खरी शक्यता त्याला दिसावी लागते, म्हणजे न्यायालय काय म्हणेल याचा अंदाज आधी बांधावा लागतो. स्कॉटलंड, नॉर्वे आणि न्यूझीलंड येथेही असे आयोग आहेत. भारतात अपील संपल्यावर पुनर्विचार याचिका, २००२ पासून, तीही फेटाळली गेल्यावर करायची क्युरेटिव्ह याचिका आणि राज्यपाल वा राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, एवढेच मार्ग मुख्यतः उरतात.