उजेड फिरतोय म्हणजे थ्रीडी नव्हे!

झिजक्या शिलालेखाचा व्हिडिओ असतो, उजेड इकडून तिकडे सरकतो, अक्षरं उठून येतात, आणि कुणीतरी म्हणतंच, "वा, काय थ्रीडी स्कॅन केलंय!" अहो नाही. ते आरटीआय आहे. माहितीचा अधिकार नव्हे, रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग.

फोटोग्रामेट्री बऱ्याच जणांना माहितीये, वस्तूभोवती फिरत ढीगभर फोटो काढायचे, सॉफ्टवेअर मॉडेल करून देतं, झालं. आरटीआयमध्ये कॅमेरा ठोकल्यासारखा एका जागी, वस्तूही हलवायची नाही, फिरतो फक्त फ्लॅश, दर जागेला एक फोटो, आणि मग स्क्रीनवर उजेड हवा तिकडून टाकता येतो. फ्रेममध्ये एक काळा चकचकीत गोळा ठेवतात, त्यावरच्या चमकीवरून उजेड कुठून आला ते सॉफ्टवेअरला कळतं. (मागे एका वीरगळीचं करताना पस्तिसाव्या फोटोला माझाच पाय ट्रायपॉडला लागला, सगळं पहिल्यापासून.)

खरा घोळ पुढे आहे. आरटीआयच्या फाइलमध्ये खोली नसतेच. प्रत्येक पिक्सेलपाशी पृष्ठभाग कुठल्या बाजूला कललाय एवढंच कळतं. छपराचा उतार कळला म्हणून घराची उंची कळते का? तसंच. उतारांची बेरीज करून उंची काढू म्हणणारे भेटतात, पण त्यात बारीक चुका साचत जातात आणि सपाट दगडसुद्धा फुगलेला दिसायला लागतो. म्हणून खाच किती मिलीमीटर खोल हे आरटीआयला विचारू नका, आणि दगड फिरवून मागची बाजू दाखवा असंही म्हणू नका, ती फोटो काढलाच नव्हता तिथे कुठून येणार.

पण तोच उतार कामाला येतो. फोटोग्रामेट्रीच्या मेशमध्ये, म्हणजे त्या मॉडेलच्या जाळीत, बारीक ओरखडे गुळगुळीत होऊन जातात, आरटीआयमध्ये स्क्रीनवरच दगडाचा रंग काढून टाकून खोटी चमक दिली की तेच उठून दिसतात. 2005 साली एचपी या कॉम्प्युटर कंपनीतल्या टॉम माल्झबेंडरच्या टीमने एकेक करून पेटणाऱ्या दिव्यांचा घुमट अथेन्सच्या म्युझियममध्ये नेला तो अँटिकिथेरा यंत्राच्या (प्राचीन ग्रीकांचं दातेरी चाकांचं खगोलयंत्र) गंजलेल्या तुकड्यांवरची ग्रीक अक्षरं वाचायला, जेमतेम दोनेक मिलीमीटरची. गंजाच्या आत दडलेल्या अक्षरांना मात्र सीटी स्कॅनच लागला, कारण आरटीआयला पृष्ठभागाखालचं काही दिसत नाही.

मूर्ती असेल तर मी डोळे मिटून फोटोग्रामेट्री करीन. नाणं, ताम्रपट, झिजका लेख असेल तर आरटीआयच. आणि कृपा करून अक्षरांत खडू नाहीतर पीठ भरून फोटो काढू नका, भरणारा त्याला वाटलेलंच अक्षर भरतो आणि मग आपण दगड सोडून त्याचा खडू वाचत बसतो.