कमी चाललेली डिझेल घेताय? आधी सायलेन्सरमध्ये बोट घाला

"२०२१ची डिझेल, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, रनिंग फक्त बावीस हजार, घर ते क्लिनिक एवढीच चाललीये." जुन्या गाड्यांच्या बाजारात अशी जाहिरात पडली की लोक तुटून पडतात, आणि शेजारीच उभी असलेली तीच गाडी, त्याच वर्षाची, पण पुणे-कोल्हापूर-पुणे करून नव्वद हजार झालेली, तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आयुष्यात पहिल्यांदा डिझेल घेणारा तर हमखास डॉक्टरांच्या गाडीकडेच जातो. माझं म्हणणं अगदी उलटं आहे. बीएस-६ डिझेल (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे सरकारी नियम) असेल तर मला ती नव्वद हजारवाली द्या, आणि हे मी मीटर मागे फिरवतात म्हणून म्हणत नाहीये (फिरवतात, तो वेगळा विषय). बावीस हजार शंभर टक्के खरे असले तरीसुद्धा म्हणतोय.

कारण समजायला थोडं मागे जावं लागेल. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो हे शाळेत झालंय. नुसती हवा साधारण सोळा पटींनी दाबायची, ती पाचशे-सहाशे अंशांच्या वर तापते, आणि त्यात डिझेलचा फवारा मारायचा. डिझेल सव्वादोनशेच्या आसपासच स्वतःहून पेट घेतं, त्यामुळे ठिणगीची गरजच नाही. पण गोची अशी की पेट्रोलमध्ये बहुतेक वेळा हवा आणि इंधन आधी नीट मिसळलेलं असतं, इथे मिसळणं आणि जळणं एकाच वेळी चालू असतं. फवाऱ्याच्या बाहेरच्या कडेला भरपूर ऑक्सिजन, आतल्या गाभ्यात जवळजवळ नाहीच. तिथे उष्णता आहे, इंधन आहे, पण ऑक्सिजन नाही, मग काय होणार, रेणू तुटतात आणि उरतो कार्बन. म्हणजे काजळी. यातली बरीचशी पुढच्या काही मिलिसेकंदांत जळून जाते, राहते ती सायलेन्सरवाटे तुमच्या मागच्या स्कूटरवाल्याच्या फुप्फुसात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, त्यामुळे 'थोडा काळा धूर म्हणजे पिकअप चांगला' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. काळा धूर म्हणजे न जळलेलं इंधन, तुमचेच पैसे.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं, मधलं बीएस-५ आपण गाळलंच. डिझेल कारची काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली, शिवाय पहिल्यांदाच नुसतं वजन नाही तर कणांची संख्यासुद्धा मोजायची ठरलं, किलोमीटरला जास्तीत जास्त साठ हजार कोटी. आकडा मोठा वाटतो पण फिल्टरशिवाय डिझेल इंजिन एवढ्या खाली येऊच शकत नाही. म्हणून आला डीपीएफ, डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. (मारुतीनं त्याच वेळी डिझेलला रामराम ठोकला, आणि रांजणगावला बनणारं, अर्ध्या देशाच्या गाड्यांत बसलेलं फियाटचं १.३ मल्टीजेट इंजिनही संपलं.)

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येऊ. डीपीएफ म्हणजे चाळणी, भोकं बारीक, काजळी अडकते, असं गॅरेजवाल्यापासून यूट्यूबवाल्यापर्यंत सगळे सांगतात. तसं नाहीये! आतमध्ये सिलिकॉन कार्बाइडचा किंवा कॉर्डिएराइटचा (दोन्ही सिरॅमिकच) एक ठोकळा असतो, त्याला आरपार शेकडो-हजारो बारीक चौकोनी बोगदे. निम्मे बोगदे मागून बुजवलेले, निम्मे पुढून. धूर एका बोगद्यात शिरतो, पुढे रस्ता बंद, मग त्याला भिंतीतूनच शेजारच्या बोगद्यात जावं लागतं. भिंत सच्छिद्र असते. आणि या छिद्रांचा आकार किती? साधारण दहा ते वीस मायक्रॉन. काजळीचे कण किती? बरेचसे पन्नास ते शंभर नॅनोमीटर, म्हणजे भोक कणापेक्षा शंभर-दोनशे पट मोठं. चाळणी असती तर सगळी काजळी मजेत निघून गेली असती.

मग कण अडकतात कसे? इतक्या छोट्या कणाला आजूबाजूचे वायूचे रेणू चहूबाजूंनी धडका देत असतात, आणि कण इतका हलका की त्या धडका कधीच बरोबर समान होत नाहीत, त्यामुळे तो सरळ न जाता वेडावाकडा भरकटत जातो. यालाच ब्राउनियन गती म्हणतात, आइन्स्टाइननं १९०५ मध्ये जिचं गणित मांडलं तीच. आता भिंतीतून जाणारा धूर फार हळू जात असतो, सेकंदाला काही सेंटिमीटर, कारण आत भिंतींचं एकूण क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मोजावं लागेल एवढं असतं. म्हणजे कणाला छिद्राच्या आत भरकटायला वेळ मिळतो, कुठेतरी तो भिंतीला टेकतो, आणि या आकाराला एकदा टेकला की व्हॅन डर वाल्स बलानं (अगदी जवळ आलेल्या रेणूंमधली ओढ) चिकटलाच, परत सुटत नाही. गंमत अशी की कण जितका लहान तितका जास्त भरकटतो, म्हणजे तितका सहज पकडला जातो. खूप मोठे कण वळणावर वळू न शकल्यानं भिंतीवर आदळतात. सगळ्यात अवघड मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे, ना धड भरकटत ना धड आदळत. कोविडमध्ये एन-९५ मास्कबद्दल हाच ०.३ आकडा सारखा ऐकला होता ना, तिथेही भौतिकशास्त्र हेच. आणि अजून एक, अगदी कोरा फिल्टर थोडा कमी पकडतो, त्यावर काजळीचा पातळ थर बसला की तो थरच फिल्टरचं काम करायला लागतो आणि मग ९९ टक्क्यांच्या वर पकड जाते. काजळीच काजळीला अडवते!

पण थर वाढत गेला की धुराला वाट उरत नाही, इंजिन गुदमरतं. म्हणून तो थर अधूनमधून जाळून टाकायचा, याला रिजनरेशन म्हणतात. इथे खरी मेख आहे. कार्बन नुसत्या ऑक्सिजननं जळायला साधारण ६०० अंश लागतात. हायवेवर दमात चाललेल्या डिझेलचा धूर तीनशे-चारशे अंश असतो, आणि शहरात सिग्नल ते सिग्नल, दुसऱ्या गियरमध्ये, तो दीडशे-दोनशेच्या घरात लोळत असतो. हायवेवाल्याला एक सवलत मिळते. डीपीएफच्या आधी प्लॅटिनम लावलेला एक कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) असतो, तो धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड करतो, आणि हा पठ्ठ्या काजळीला अडीचशे-चारशे अंशांतच जाळतो. म्हणजे कोल्हापूरला जाताना तुम्ही गाणी ऐकताय आणि खाली फिल्टर आपोआप साफ होतोय, तुम्हाला पत्ताही नाही.

शहरातल्या गाडीला ही सोय नाही, मग इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जबरदस्ती करतो. काही शे किलोमीटरला, प्रेशर सेन्सरनं फिल्टर भरल्याचं सांगितलं की, नोझलमधून एक जास्तीचा फवारा अगदी उशिरा मारला जातो, पिस्टन खाली निघाल्यावर. हे डिझेल सिलेंडरमध्ये जळावं अशी अपेक्षाच नसते, ते वाफ होऊन पुढच्या कॅटॅलिस्टवर जाऊन जळतं आणि धूर सहाशेवर नेतं. कॉमन रेलचं (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत) वैभव हेच, २००० आरपीएमला एक फेरा ३० मिलिसेकंदांचा, त्यात मिलिसेकंदाहून छोटे चार-पाच फवारे. हे सगळं व्हायला गाडी सलग दहा-वीस मिनिटं चालती पाहिजे. आता डॉक्टर आठवा. घर ते क्लिनिक दोन-तीन किलोमीटर. रिजनरेशन सुरू झालं, पाच मिनिटांत क्लिनिक आलं, चावी बंद. संध्याकाळी परत सुरू, परत बंद. काजळी तशीच, आणि त्या उशिराच्या फवाऱ्यातलं थोडं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवर बसून रिंगांच्या फटीतून खाली ऑइल चेंबरमध्ये. पेट्रोल ऑइलमध्ये गेलं तर गरम झाल्यावर बरंचसं उडून जातं, डिझेलचा उत्कलन पल्ला १८० ते ३६० अंश, ते तिथेच मुक्काम ठोकतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंग आणि टर्बो झिजायला लागतात. म्हणजे कमी चाललेली गाडी जास्त झिजलेली असू शकते, हे लोकांना पटतच नाही.

तर गाडी बघायला जाल तेव्हा काय करायचं. सकाळी जा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी तापवून ठेवू नका, बोनेटला हात लावून खात्री करा. इंजिन थंड असतानाच सायलेन्सरच्या टोकात आतून बोट किंवा टिश्यू फिरवा. डीपीएफ धडधाकट असेल तर बोटावर फारतर करडी धूळ येते, हजारो किलोमीटर चाललेल्या डिझेलचा पाईप आतून इतका स्वच्छ बघून मला अजूनही नवल वाटतं. बोट काजळासारखं काळंकुट्ट आलं तर फिल्टर तडकलाय किंवा कापून काढलाय, पुढे बोलायचं कारण नाही. मग ऑइलची पट्टी काढा. कमी ऑइल सगळेच बघतात, तुम्ही जास्त बघा. पातळी मॅक्सच्या खुणेच्या वर असेल आणि वास डिझेलचा असेल तर 'ऑइल फुल आहे' असं विकणाऱ्यानं कौतुकानं सांगितलं तरी सावध व्हा. तिसरं म्हणजे स्कॅनर लावणारा मेकॅनिक बरोबर न्या. काजळी किती टक्के भरलीये, शेवटचं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी पूर्ण झालं, हे बऱ्याच गाड्यांत दिसतं. सर्व्हिस हिस्टरीत वर्कशॉपनं दोन-तीनदा फोर्स रिजनरेशन (स्कॅनर लावून जबरदस्तीनं काजळी जाळणं) केलेलं असेल तर ती गाडी कशी चालली ते कळलंच.

गॅरेजवाला म्हणेल, "साहेब टेन्शन नका घेऊ, डीपीएफ पोकळ करून टाकू, इसीयूला मॅप मारू (म्हणजे त्याचा प्रोग्राम बदलू), ॲव्हरेज वाढेल." हे बेकायदेशीर आहे, आणि पीयूसीत पास होतं कारण आपल्या पीयूसीत धुराची अपारदर्शकता मोजतात, कणांची संख्या नाही. बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनीनं २०२२-२३ पासून गाडीच्या तपासणीत कण मोजायलाच सुरुवात केली, तिथे अशा गाड्या लगेच सापडतात. दुसरीकडे डिझेलमध्ये ओतायच्या 'काजळी गायब' बाटल्या. काही उत्प्रेरकं काजळी जळायचं तापमान खरंच खाली आणतात, काही कंपन्या मोजूनमापून तशी यंत्रणा गाडीतच देतात, पण पंपावर मिळणाऱ्या बाटलीनं क्लिनिकवाल्या गाडीचा धूर तापणार आहे का? ती बाटली आणि बंपरला लटकवलेलं लिंबू-मिरची यात मला फारसा फरक दिसत नाही, लिंबू निदान स्वस्त असतं.

घेतल्यावर सांभाळायचं फार अवघड नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं सलग रस्ता मिळू द्या, एक गियर खाली, २००० ते २५०० आरपीएम. टॉप गियरमध्ये १४०० वर ऐंशीनं तरंगत गेलात तर धूर थंडच राहतो. घाट उतरताना तर अजून थंड, ॲक्सिलरेटर सोडला की इंधनच बंद होतं, त्यामुळे खंडाळा उतरून फिल्टर साफ होत नाही, चढताना होतो. गाडी उभी असताना आयडलिंग वाढलंय, फॅन जोरात फिरतोय, गरम वास येतोय, असं दिसलं तर रिजनरेशन चालू आहे, शक्य असेल तर एक चक्कर मारून या. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागूनही महिनाभर दुर्लक्ष केलं की काजळी इतकी साठते की इसीयू स्वतःच जाळायला नकार देतो, कारण एवढी काजळी एकदम पेटली तर तापमान हजाराच्या वर जाऊन ठोकळा तडकतो. नवीन डीपीएफ लाखाच्या आसपास किंवा वरही जाऊ शकतो.

ऑइलच्या बाबतीत मात्र कंजूषपणा नको. काजळी जळते, राख जळत नाही. ही राख येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त, फॉस्फरसच्या मसाल्यातून, आणि फिल्टरमध्ये कायमची साठत जाते, लाख-दोन लाख किलोमीटरनंतर फिल्टर काढून धुवावा लागतो तो हिच्यामुळे. म्हणून डब्यावर एसीइए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी-२ किंवा सी-३ दर्जा, जे मॅन्युअलमध्ये असेल ते बघून घ्या, त्यात राख करणारा माल कमी असतो. मित्राच्या ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल यात ओतू नका. इंधनाच्या फिल्टरखालचं (हा वेगळा, डीपीएफ नव्हे) पाणी पावसाळ्यात काढत जा. टायमिंग बेल्टवालं इंजिन असेल तर बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा, 'बदललाय हो' चालणार नाही.

एवढं सगळं नको असेल आणि रोजचं जाणं-येणं कोथरूड ते डेक्कन असेल तर सरळ पेट्रोल घ्या, डिझेलच्या नादी लागूच नका. बीएस-४ मल्टीजेटवाल्या स्विफ्टना बहुधा डीपीएफची भानगड नसते, टायमिंग बेल्टऐवजी साखळी असते, पार्ट गल्लोगल्ली मिळतात, फक्त मागच्या स्कूटरवाल्याचं काय ते तुम्ही ठरवा. आणि दिल्ली पासिंगची डिझेल अर्ध्या भावात दिसली तर भुलू नका. २०१५च्या हरित लवादाच्या आदेशापासून तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर सतत टांगती तलवार आहे, म्हणून त्या इकडे येतात. तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, थकलेली चलानं, हे सगळं धरून हिशोब करा. आणि तिच्याही सायलेन्सरमध्ये बोट घालाच, पण त्याआधी ती मूळची बीएस-६ आहे का ते आरसीवर बघा, बीएस-४ असेल तर बोट काळंच येणार.