एमएमएमधला पैसा लढणाऱ्यापर्यंत का पोहोचत नाही

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स: कुस्ती, बॉक्सिंग अशा वेगवेगळ्या विद्या एकत्र वापरून जाळीच्या पिंजऱ्यात लढायचा खेळ. त्याच्या लढती भरवणारी सगळ्यांत मोठी संस्था यूएफसी. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट या माध्यम कंपनीने यूएफसीच्या अमेरिकेतल्या प्रक्षेपणाचे हक्क घेतले. सात वर्षं, ७.७ अब्ज डॉलर. त्याच यूएफसीत नव्याने दाखल होणाऱ्या खेळाडूचा करार साधारण ‘दहा अधिक दहा’ किंवा ‘बारा अधिक बारा’ असा असतो. म्हणजे पिंजऱ्यात उतरल्याचे बारा हजार डॉलर आणि जिंकला तर आणखी बारा. हरला तर निम्म्यावर समाधान मानायचं. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग करणारी आपल्याकडची मुलं हल्ली ‘यात करिअर आहे का?’ असं विचारतात तेव्हा त्यांच्यासमोर पहिला आकडा असतो. त्यांचं आयुष्य ठरणार असतं ते दुसऱ्यावर. या दोन आकड्यांत एवढी तफावत का पडली, हे कळायला तीस वर्षं मागे जावं लागतं.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पहिली यूएफसी झाली. कल्पना आर्ट डेव्ही आणि रोरियन ग्रेसी यांची. रोरियन ब्राझीलमधल्या जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवर पकडीत अडकवून नमवण्याच्या विद्येच्या, घराण्यातला, कॅलिफोर्नियात क्लास चालवणारा. आपल्या घराण्याची विद्या सगळ्यांत सरस आहे हे त्याला अमेरिकेला दाखवायचं होतं. आठ जण, एकच रात्र, वजनी गट नाहीत. त्याचा धाकटा भाऊ रॉयस अंगापिंडाने किरकोळ वाटणारा, पण त्याने एका रात्रीत तिघांना नमवून ५० हजार डॉलरचं बक्षीस नेलं. साधारण ८६ हजार घरांनी पैसे भरून हा कार्यक्रम टीव्हीवर पाहिला.

त्या रात्री आणखी एक गोष्ट ठरून गेली, आणि माझ्या मते तीच पुढे सगळ्यांत महागात पडली. लोकांनी तिकीट काढलं ते कार्यक्रमाच्या नावावर. बॉक्सिंगमध्ये माणूस विकला जातो. महंमद अली कुठल्या प्रवर्तकाकडून, म्हणजे लढती भरवणाऱ्याकडून, लढतोय याच्याशी प्रेक्षकाला देणंघेणं नव्हतं. इथे नाव संस्थेचं मोठं झालं आणि लढणारा बदलता आला. बदलता येणाऱ्या माणसाला भावात घासाघीस करता येत नाही.

पुढची काही वर्षं हलाखीची गेली. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या खेळाला माणसांच्या कोंबडझुंजी म्हटलं आणि १९९६ मध्ये सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रं लिहिली. केबल कंपन्यांनी पाठ फिरवली, उत्पन्न आटलं. त्यातून दोन गोष्टी झाल्या. एक चांगली: २००० मध्ये न्यू जर्सी राज्याने खेळाला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी एकसमान नियमावली आली. वजनी गट, हातमोजे, पाच मिनिटांच्या फेऱ्या, निषिद्ध फटक्यांची यादी, गरज पडताच लढत थांबवणारा पंच आणि डॉक्टर. आज हा खेळ ‘खेळ’ म्हणून उभा आहे तो या नियमांमुळे. दुसरी गोष्ट धंद्याची: जानेवारी २००१ मध्ये लास वेगासच्या फर्टिटा बंधूंनी ही जवळजवळ बुडालेली संस्था अवघ्या २० लाख डॉलरना विकत घेतली आणि डेना व्हाइटला कारभारी नेमलं.

त्यांनीही सुरुवातीला तोटाच सोसला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००५ मध्ये ‘द अल्टिमेट फायटर’ हा रिॲलिटी शो आला आणि त्याच्या अंतिम सामन्यात फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर यांनी जी तुंबळ लढत दिली, तिने चित्र पालटलं. २०१६ मध्ये हीच संस्था सुमारे ४ अब्ज डॉलरना विकली गेली.

मधल्या काळात प्रतिस्पर्धी एकेक करून पोटात घेतले गेले: २००७ मध्ये जपानची प्राइड, २०११ मध्ये स्ट्राइकफोर्स. खेळाडूला ‘तुम्ही देत नसाल तर तिकडे जातो’ म्हणायला ‘तिकडे’ फारसं काही उरलं नाही. बॉक्सरांच्या संरक्षणासाठी अमेरिकेने २००० मध्ये महंमद अलींच्या नावाने कायदा केला. त्यानुसार लढतीतून किती कमाई झाली हे प्रवर्तकाला बॉक्सरसमोर उघड करावं लागतं, जाचक करारांना आळा बसतो. एमएमएला तो लागूच नाही. २०१६ पासून तो लागू करण्याचे प्रयत्न झाले, पण ते तडीस गेले नाहीत.

२०१४ मध्ये कुंग ली, नेट क्वारी, जॉन फिच अशा माजी खेळाडूंनी मक्तेदारीविरुद्ध दावा लावला, तेव्हा हिशेबाच्या वह्या कोर्टात आल्या. उत्पन्नातला साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, खेळाडूंपर्यंत पोहोचत होता. अमेरिकन बास्केटबॉल आणि फुटबॉलमध्ये तो जवळपास निम्मा असतो, कारण तिथे खेळाडूंच्या संघटना आहेत. एमएमएत तशी संघटना आजही नाही. या दाव्यात ३७.५ कोटी डॉलरची तडजोड २०२५ मध्ये मंजूर झाली. पैसे मिळाले ते २०१० ते २०१७ या काळात लढलेल्यांना, आणि मिळाले तेव्हा त्यांतल्या बहुतेकांची कारकीर्द संपलेली होती.

आता बारा हजारांचा हिशेब मांडू. रुपयांत ते दहा लाखांच्या आसपास जातात आणि आपल्या घरात ही रक्कम मोठीच वाटते. पण दुखापत नसेल तर वर्षाला दोन, फार तर तीन लढती होतात. त्यातून मॅनेजर आणि जिमचा वाटा जातो, दहा ते वीस टक्के. लढतीआधी सात-आठ आठवड्यांचं शिबिर असतं. सरावाला जोडीदार, फिजिओ, खुराक, वजन उतरवण्यासाठी आहारतज्ज्ञ. कर तिथल्या तिथे कापला जातो. खेळाडू नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. त्यामुळे पगार नाही, निवृत्तिवेतन नाही. सरावातल्या दुखापतींचा विमा यूएफसीने २०११ मध्ये सुरू केला, तोवर तोही नव्हता. चड्डीवरच्या जाहिरातींतून चार पैसे सुटायचे. २०१५ मध्ये रिबॉकचा एकगठ्ठा गणवेश आला आणि तेही गेले. त्या जागी नवख्याला लढतीमागे २५०० डॉलर मिळू लागले.

‘यात पैसा आहे’ म्हणताना यूएफसीचा तारा कॉनर मॅकग्रेगर याचं उदाहरण लगेच पुढे केलं जातं. २०१३ च्या एप्रिलमध्ये स्टॉकहोमला यूएफसीतली पहिली लढत जिंकेपर्यंत तो आयर्लंड सरकारचा आठवड्याला १८८ युरो भत्ता घेत होता आणि पुढे तो अब्जावधींच्या गोष्टी करू लागला, हे खरं आहे. मला मात्र फ्रान्सिस एनगानूची कहाणी जास्त शिकवणारी वाटते. कॅमेरूनमध्ये लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला, पॅरिसमध्ये उघड्यावर झोपलेला हा माणूस २०२१ मध्ये यूएफसीचा हेवीवेट जगज्जेता झाला. जानेवारी २०२२ मध्ये त्याने पट्टा राखला, त्या लढतीचं जाहीर मानधन ६ लाख डॉलर होतं. त्याने आरोग्य विमा मागितला, प्रायोजक निवडायचं स्वातंत्र्य मागितलं, ते मिळालं नाही आणि २०२३ मध्ये तो बाहेर पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रियाधला बॉक्सिंगच्या रिंगणात त्याने नामवंत बॉक्सर टायसन फ्यूरीला खाली पाडलं. लढत तो हरला, पण मोबदला कितीतरी पट मिळाला. जगज्जेत्यालाही आपली किंमत वसूल करायला हा खेळ सोडावा लागला.

आपल्याकडे मोठी सुरुवात झाली ती मुंबईत, मार्च २०१२ मध्ये. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांची सुपर फाइट लीग मोठ्या गाजावाजाने आली आणि काही वर्षांत विरली. तरी तिच्या काळात एक पिढी या खेळाकडे वळली. मुंबईचा भारत खंडारे २०१७ मध्ये यूएफसीशी करार करणारा पहिला भारतीय ठरला. शांघायमध्ये एकोणीस वर्षांच्या सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गळ्याच्या पकडीत अडकवलं आणि यूएफसीतली ती त्याची एकमेव लढत ठरली. उत्तराखंडचा अंशुल जुबली २०२३ मध्ये ‘रोड टू यूएफसी’ ही प्रवेशाची स्पर्धा जिंकून आत गेला, मग सलग दोनदा हरला, दुसऱ्यांदा तर १९ सेकंदांत. जून २०२४ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या पूजा तोमरने यूएफसीत लढत जिंकली. भारतीयाचा तिथला तो पहिला विजय. तेवढ्यासाठी एकतीस वर्षं लागली.

कुस्तीचा पाया या खेळात सोन्यासारखा चालतो. ऑलिंपिक सुवर्णविजेता हेन्री सेजुडो यूएफसीत दोन गटांचा विजेता झाला, ते त्या पायावरच. म्हणून आपल्या पोरांना हा खेळ साद घालतो, यात नवल नाही. पण महाराष्ट्रात मल्लाच्या मागे काय उभं आहे, तेही बघा. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, मल्लांना राजाश्रय दिला. आज त्या जागी नोकरी आहे: सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, आणि नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे यांच्यासारखे मल्ल पोलीस उपअधीक्षक झाले. एमएमएवाल्यामागे असं काही नाही. डोक्याला बसणाऱ्या माराचे परिणाम तर उशिरा दिसतात. लास वेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिक २०११ पासून लढवय्यांच्या मेंदूचा अभ्यास करतंय, तो याचसाठी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कुस्ती किंवा ज्युदोतून नोकरी पदरात पाडून मग पिंजऱ्यात उतरणं वेगळं, आणि बारावीनंतर सगळं सोडून उतरणं वेगळं. दुसरा रस्ता मी कुणाच्या मुलाला सुचवणार नाही. एक बदल मात्र खराखुरा आहे. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांच्या पदकांच्या यादीत एमएमए आलं. सरकारी नोकरी, रोख बक्षीस, शिष्यवृत्ती या सगळ्यांसाठी आपल्याकडे आधी खेळाला मान्यता लागते, आणि ती मिळवण्याच्या वाटेवर आशियाई पदकाला यूएफसीच्या करारापेक्षा जास्त वजन आहे.