पॅकिंग नवे, तरी तेल का झिरपते?

पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांतून जुन्या मोटारसायकलीचा पॅकिंग सेट (इंजिनाच्या सांध्यांमध्ये बसवायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे गॅस्केट) आणून बसवला आणि तरीही काही दिवसांत इंजिनाखाली तेलाचा डाग दिसू लागला, की दोष बहुधा पॅकिंगच्या दर्जाला दिला जातो. काही वेळा तो खराही असतो. परंतु तेल अडते ते मुख्यतः धातूचे दोन पृष्ठभाग बोल्टांनी एकमेकांवर पुरेसे आणि सर्वत्र सारखे दाबले गेल्यामुळे. त्यांच्यातील सूक्ष्म खाचा भरून काढणे एवढेच पॅकिंगचे काम आहे.

जुने पॅकिंग उष्णतेने इंजिनाच्या कव्हरला चिकटून बसलेले असते आणि ते स्क्रूड्रायव्हरने खरवडण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. अ‍ॅल्युमिनियम (कव्हरचा धातू) स्क्रूड्रायव्हरच्या पोलादापेक्षा बरेच मऊ असल्यामुळे आतून बाहेर जाणारा प्रत्येक ओरखडा तेलाला वाट करून देतो. त्याऐवजी थिनर लावून थोडा वेळ थांबावे आणि प्लास्टिकच्या पट्टीने पॅकिंग सोडवावे. मग पोलादी सरळपट्टी कव्हरवर उभी, आडवी व तिरपी धरून तिच्याखाली फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पात्यांच्या संचाचे) 0.05 मिमीचे पाते सरकते का, हे पाहावे. पूर्वी गळती थांबवण्यासाठी कोणी बोल्ट जास्त आवळले असतील, तर छिद्रांभोवतीचा धातू वर आलेला आढळतो. असे उंचवटे जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, त्यावर कव्हर हलक्या हाताने फिरवून घालवता येतात. मात्र नंतर ते काटेकोरपणे धुतले पाहिजे, कारण इंजिनात गेलेली पॉलिश पेपरवरची कुरुंदाची (घासणाऱ्या कणांची) पूड गळतीपेक्षा फार महागात पडते. सिलिंडर हेड (सिलिंडरवरचे झाकण) वाकले असेल तर ते लेथवाल्याकडे देणेच बरे.

बोल्टांचे गणित फसवे असते. पान्याने लावलेल्या जोरापैकी सुमारे 90 टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालील आणि आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणला जाऊन प्रत्यक्ष दाब निर्माण होण्यासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणूनच आट्यांत गंज किंवा माती असेल तर पाना घट्ट लागल्याचे सांगतो, पण कव्हर सैलच राहते. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (पिळण्याचा जोर) तेलकट आट्यांना लावला तर ताण प्रमाणाबाहेर जाऊन अ‍ॅल्युमिनियममधील आटे उखडू शकतात. कव्हरच्या 6 मिमी बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरेसे होतात, आणि तेही एकदम न लावता समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत.

हेडच्या बाबतीत उष्णतेचाही विचार करावा लागतो. तापमान 100 अंशांनी वाढले की 100 मिमी लांबीचे अ‍ॅल्युमिनियम सुमारे 0.23 मिमी वाढते, तर तेवढ्याच लांबीचा पोलादी स्टड (हेड धरून ठेवणारा, आटे असलेला दांडा) सुमारे 0.12 मिमी. अ‍ॅल्युमिनियमच्या बॅरलचे (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याचे) इंजिन तापले, की या फरकामुळे पॅकिंग अधिक दाबले जाते, थोडे कायमचे बसते आणि इंजिन थंड झाल्यावर नटांचा ताण पूर्वीपेक्षा कमी भरतो. म्हणून, उत्पादकाने मनाई केली नसेल तर, पहिल्या काही फेऱ्यांनंतर हेडचे नट पूर्ण थंड इंजिनावर पुन्हा तपासावेत.

सिलिकॉन सीलंटवर आपल्याकडे नको इतका भरवसा आहे. तो हवेतील बाष्पाने घट्ट होतो आणि पूर्ण पक्का होण्यास साधारण 24 तास घेतो, त्यामुळे सकाळी लावून दुपारी खडकवासल्याला निघणे योग्य नव्हे. जास्तीचा थर आतल्या बाजूला फुगतो, तुटतो आणि तेलाच्या जाळीत अडकून वंगणाचा पुरवठाच तोडतो.

एवढे करूनही तेल येत असेल तर ब्रीदर, म्हणजे इंजिनातील दाब बाहेर सोडणारी वाट, पाहावा. 350 सीसीच्या एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली येताना जवळपास तेवढीच हवा क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) दाबतो. 3000 आरपीएमला हे सेकंदाला 50 वेळा घडते. ब्रीदरची नळी चोंदली असेल, किंवा पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून जळलेले वायू खाली उतरत असतील, तर वाढलेला दाब कमकुवत सांध्यातून तेल बाहेर ढकलतो, आणि अशा इंजिनात कितीही चांगले पॅकिंग टिकत नाही. गळती नेमकी कुठे आहे हे डागावरून ठरवू नये, कारण वाऱ्याने तेल मागे पसरते. इंजिन स्वच्छ पुसून, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी जागेवरच चालू ठेवावी; पावडर प्रथम जिथे ओली होते, तिथूनच तेल येत असते.