पुण्यात कुत्र्यांच्या पैदाशीचा व्यवसाय: नोंदणी कुठे, कशी आणि काय तयार ठेवायचं

घरच्या लॅब्रॅडॉरला पिल्लं होतात, ती विकली जातात, पुढच्या वर्षी पुन्हा क्रॉसिंग. पुण्यातले बरेच ब्रीडर असेच तयार होतात. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार (हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले आहेत) विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. मधला व्यापारी आणि बोर्डिंग केनेलवालाही (इतरांची कुत्री पैसे घेऊन सांभाळणारा) 'ब्रीडर'मध्येच मोडतो. हडपसरचा फ्लॅट असो की वाघोलीची शेड, नियम तोच.

दोन कागदांवरून कायम घोळ होतो. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर म्हणजे कुत्र्याची वंशावळ. महापालिकेचा कुत्रा परवाना म्हणजे पाळण्याची परवानगी. यातलं काहीच धंद्याच्या नोंदणीच्या जागी चालत नाही, विकणारा कितीही ठासून सांगो.

अर्ज ठरलेल्या नमुन्यात करायचा, फी ५,००० रुपये, आणि ती परत मिळत नाही. जागा दोन असतील तर अर्जही दोन. चौकशीला लांब जायला नको, पशुसंवर्धन आयुक्तालय औंधलाच आहे. ओळखपत्र, जागेचा मालकी किंवा भाडेकरार, कुत्र्यांची यादी, लसीकरणाची कार्डं आणि नेहमीच्या पशुवैद्याची माहिती एका फाइलमध्ये लावून ठेवा. नोंदणीआधी जागेची तपासणी होते. पिंजरे कोंदट असतील तर फाइल कितीही नीटनेटकी असून उपयोग नाही.

खरी परीक्षा रजिस्टरची. प्रत्येक मादीला वेगळं पान द्या: जन्मतारीख, मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती चिप) पंधरा अंकी नंबर, कुठल्या नराशी कधी मेटिंग झालं, किती पिल्लं झाली, कुणाला विकली. मादी १८ महिन्यांची होईपर्यंत पैदास नाही, आठ वर्षांनंतरही नाही. वर्षाला एकच वेत, लागोपाठच्या दोन माजांवर मेटिंग नाही, आणि आयुष्यभरात जास्तीत जास्त पाच वेतं. मेटिंगआधी पशुवैद्याकडून मादी तंदुरुस्त असल्याचा दाखला घ्यावा लागतो. भावाबहिणींचं किंवा आईचं तिच्याच पिल्लाशी क्रॉसिंग चालत नाही. तारखा मागाहून जुळवायला गेलात की दोन वेतांमधलं अंतर लगेच उघडं पडतं, म्हणून त्याच दिवशी लिहा.

पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही, आणि तोवर त्याला चिप बसलेली हवी. विकताना पावती द्यायची. शेपूट कापणं, कान कातरणं बंद. डॉबरमनच्या गिऱ्हाइकांना हे पचत नाही, तरी नाही म्हणायचं.

नोंदणी दोन वर्षं चालते. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच टाकायचा, आणि वर्षाकाठी विक्रीचा अहवाल मंडळाला द्यायचा. न खपता सहा महिन्यांच्या वर गेलेलं पिल्लू नसबंदी केल्याशिवाय विकता येत नाही. घेणारा नोंदणीकृत ब्रीडर असेल तरच सूट आहे.