झोनचा आकडा आणि शेवटच्या दहिवराची तारीख

अमेरिकेत नव्याने बाग करणाऱ्या मराठी घरांत एप्रिल उजाडला की एक प्रश्न हमखास निघतो: ‘आमचा झोन 7, मग झेंडू बाहेर कधी लावायचा?’ या प्रश्नातच घोटाळा आहे, कारण झोन म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीनुसार नकाशावर पाडलेला पट्टा, आणि त्याचा आकडा लावणीची वेळ सांगण्यासाठी काढलेलाच नाही.

अमेरिकी कृषी खात्याच्या या नकाशाची 2023 सालची आवृत्ती 1991 ते 2020 या 30 वर्षांतील नोंदींवर आधारलेली असून, दरवर्षीच्या सर्वांत थंड रात्रीचे जे तापमान, त्याच्या सरासरीवरून झोन ठरतात. झोन 7 मध्ये ही सरासरी 0 ते 10 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे 18 ते उणे 12 अंश सेल्सिअस असते. वर्षानुवर्षे जमिनीत राहणारा गुलाब किंवा पिओनी तिथला हिवाळा काढेल की नाही, हे त्यावरून कळते. झेंडू आणि झिनिया हिवाळा पाहतच नाहीत, त्यामुळे त्यांना त्या आकड्याशी काही देणेघेणे नाही. लंडनचा मोठा भाग आणि ह्यूस्टन हे दोन्ही झोन 9 मध्ये मोडतात. तरीही ह्यूस्टनमध्ये मार्चमध्ये झेंडू लावता येतो आणि लंडनचे माळी मे महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबतात.

लावणीसाठी पाहायची ती वसंतातल्या शेवटच्या दहिवराची, म्हणजे पानांवर गोठणाऱ्या दवाची, तारीख, आणि तीही नीट वाचावी लागते. ‘सरासरी’ म्हणून दिलेल्या तारखेनंतरही साधारण निम्म्या वर्षांत दहिवर पडते. मध्य न्यू जर्सीत ही तारीख एप्रिलच्या उत्तरार्धात येते, पण तिच्यावर विसंबून रोपे बाहेर काढणे म्हणजे नाणेफेक करणे होय. दहिवराची शक्यता 10 टक्क्यांवर उतरते ती तारीखही हवामान खात्याच्या तक्त्यांत दिलेली असते. माझ्या मते नाजूक रोपांसाठी तीच धरावी. आमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत थांबण्याची जी रीत आहे, ती याच हिशेबाला धरून आहे.

एका वर्षी मी मेच्या पहिल्या आठवड्यातच झेंडूची रोपे वाफ्यात लावली. रात्री आभाळ निरभ्र होते, वारा पडलेला होता आणि पहाटे तापमापक 2 अंश सेल्सिअस दाखवत होता, तरी गवत पांढरे झाले होते. रोपांची पाने शिजवलेल्या पालकासारखी गडद आणि पाणीदार दिसत होती आणि दुपारपर्यंत ती काळी पडून देठाला लोंबू लागली. ओसरीच्या छपराखाली ठेवलेल्या ट्रेमधली रोपे मात्र टवटवीत होती. हवेचे तापमान जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर मोजतात, पण अशा रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत असल्याने पाने त्या हवेपेक्षा बरीच थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते, तेव्हाही गावातला पारा शून्याच्या वरच असू शकतो, त्यामागचे कारण हेच. अशी रात्र येणार असे वाटले, तर संध्याकाळीच सुती चादर जमिनीपर्यंत टेकेल अशी पांघरावी. पानांना चिकटणारे प्लास्टिक उपयोगाचे नाही.

डेलियाला मात्र दोन्ही गोष्टी लागतात. त्याचा कंद दहिवराची भीती सरल्यावर आणि माती 15 अंश सेल्सिअसच्या आसपास आल्यावर लावायचा, आणि शरद ऋतूत तो उकरून घरात ठेवायचा की जमिनीतच राहू द्यायचा, हे झोनवरून ठरवायचे.

उशीर झाला तर दसऱ्याला फुले मिळणार नाहीत, ही भीतीही अनेकांना असते. बुटका झेंडू बी पेरल्यापासून साधारण 8 आठवड्यांत फुलतो आणि तोरणाचा उंच, टपोरा झेंडू त्याहून महिनाभर अधिक घेतो, त्यामुळे मेच्या मध्यानंतर लावलेल्या रोपांनाही दसऱ्यापूर्वी भरपूर वेळ मिळतो.